साथीचे दिवस आणि घरची शाळा

साथ आली की प्रथम बंद होते ती शाळा. बाजार अगदीच बंद ठेवून भागत नाही. गिरण्यांची धुराडी फार दिवस थंड ठेवणे परवडत नाही. कचेऱ्यांची दारे अर्धी का होईना उघडी राहतात. शाळेला कुलूप घालण्याचा हुकूम मात्र फारशी कुरकुर न होता अमलात येतो. हुकूम काढणाऱ्याच्या मनात त्या वेळी एक गोष्ट गृहीत असते. शाळा बंद झाल्यावर मूल जाईल कोठे? घरी. आणि घरी त्याच्याकडे पाहील कोण? त्याची आई. हे दुसरे उत्तर इतके उघड मानले जाते, की ते कोणत्याही हुकुमात लिहिलेले आढळत नाही.

गेल्या सव्वाशे वर्षांत, मूल घरी असतानाही त्याचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून जगात नाना प्रयोग झाले. प्रथम टपाल आले, मग वर्तमानपत्र व नभोवाणी आली, पुढे दूरचित्रवाणी आली, आणि अखेर हाताच्या तळव्यावर मावणारा फोन आला. या साधनांचा इतिहास कौतुकाने सांगितला जातो, व ते योग्यही आहे. परंतु प्रत्येक साधनाच्या शेजारी एक बाई बसलेली असे. ती मुलाला हाताला धरून बसवी, न समजलेले वाक्य पुन्हा सांगे, आणि त्याच वेळी चुलीवरच्या दुधाकडेही तिचे लक्ष असे. तिचा इतिहास मात्र साधनांच्या इतिहासातून गळालेला आहे. तो थोडाफार जुळवून पाहिला म्हणजे असे दिसते, की ज्यांनी आपला धडा त्या बाईला उद्देशून लिहिला त्यांची घरची शाळा चालली. आणि ज्यांनी तिच्या डोक्यावरून थेट मुलाशी बोलण्याचा यत्न केला त्यांना अखेर तिच्याच दाराशी यावे लागले.

प्रारंभ महाराष्ट्रापासूनच करावा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगाचे, निदान केले. काही महिन्यांतच ती साथ पुण्यास येऊन पोहोचली. लोक राहती घरे सोडून गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहू लागले. शाळा ओस पडल्या. ज्या सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांच्या जोडीने १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालविण्यास आरंभ केला होता, त्यांनाच या साथीतील रुग्णांची शुश्रूषा करिता करिता प्लेगाने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्या काळात पहिल्या शिक्षिकेचाच बळी पडला, त्या काळात माळावरच्या झोपडीत मुलांचा अभ्यास चालू ठेवावा ही कल्पना कोणाला सुचली असती, तरी ती पार पाडणार कोण? १९०१ च्या शिरगणतीत साऱ्या हिंदुस्थानात दर हजार स्त्रियांमागे अवघ्या ७ स्त्रिया साक्षर निघाल्या. शाळेने धडा लिहून घरी धाडला असता, तरी तो वाचून दाखविणारी आई हजारांत सातच घरी भेटली असती.

याचा अर्थ त्या घरांतून मुलांना काहीच शिकविले जात नव्हते असा मात्र नाही. तिन्हीसांजेला दिवा लागला की परवचा म्हणवून घेतला जाई. पाढे, तिथी, वार, नक्षत्रे व श्लोक तोंडी होत. जात्यावरच्या ओवीतून मुलांच्या कानांवर जी भाषा पडे, ती कोणत्याही क्रमिक पुस्तकातील भाषेहून कमी समृद्ध नव्हती. परंतु अक्षराचे दार आईच्या हाती नव्हते. शाळा बंद झाली म्हणजे ते दार बंदच राहत असे.

याच सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी अगदी निराळा प्रकार घडला. तेथे कॅल्व्हर्ट नावाची लहान मुलांची एक खाजगी शाळा १८९७ पासून चालू होती, आणि १८९९ पासून व्हर्जिल हिलियर हे तिचे मुख्याध्यापक होते. १९०५ साली शहरात डांग्या खोकल्याची साथ पसरली व मुलांना घरी बसणे भाग पडले. हिलियर यांनी वर्गात चालणारे धडे कागदावर उतरविले, आणि घरी कोणीही ते शिकवू शकेल अशा रीतीने रोजच्या कामाची आखणी करून दिली. हा उपाय इतका उपयोगी पडला, की पुढील सालापासून, म्हणजे १९०६ पासून, तेच धडे टपालाने दूरदूर पाठविण्यास सुरुवात झाली. एकाकी मळ्यांवरील कुटुंबे, परदेशी नेमणुकीवर असलेले वकील व लष्करी अधिकारी, मिशनरी अशा लोकांच्या घरी त्या शाळेच्या पेट्या जाऊ लागल्या. पेटीत पुस्तके असत, वह्या असत, कागद व पेन्सिलीही असत. परंतु तिच्यातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे शिकविणाऱ्यासाठी लिहिलेली मार्गदर्शिका.

त्या मार्गदर्शिकेतच या प्रयोगाचे मर्म आहे. ती मुलासाठी लिहिलेली नव्हती. शिकविण्याचा काडीमात्र अनुभव नसलेल्या पालकासाठी, म्हणजे व्यवहारात बहुधा आईसाठी, ती लिहिलेली होती. आज प्रथम काय काढावे, मुलाला कोणता प्रश्न विचारावा, तो अडखळल्यास काय करावे, कोठे थांबावे, हे सारे तिच्यात दिवसांच्या क्रमाने सांगितलेले असे. आईला हे येणारच असे हिलियर यांनी गृहीत धरले नाही. आणि हे आईला कधीच येणार नाही असेही मानले नाही. तिला शिकविले तर ती शिकवील, इतका साधा विश्वास त्यांनी ठेविला. साथ ओसरली, परंतु तिच्यातून जन्मलेली ही पद्धती पुढे शतकभर टिकली.

तथापि या यशाला एक मर्यादा होती, व ती झाकून ठेवणे इतिहासास शोभणार नाही. पेटीला दाम पडत होते; आणि पेटी उघडून रोज काही तास मुलाजवळ बसावयास सवड लागत होती. ज्या घरी दोन्ही होते तेथेच ही शाळा पोहोचली. घरे सर्वांची सारखी नसतात, ही गोष्ट १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या जागतिक साथीत अधिकच स्पष्ट झाली. त्या वेळी अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, परंतु न्यूयॉर्क व शिकागो या दोन महानगरांनी त्या मुद्दाम चालू ठेविल्या. तेथील आरोग्याधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा, की दाटीवाटीच्या, कोंदट बिऱ्हाडांत मुलांना कोंडून ठेवण्यापेक्षा हवेशीर शाळेत, डॉक्टर व परिचारिका यांच्या रोजच्या देखरेखीखाली ती अधिक सुरक्षित राहतील. घर म्हणजे आपोआप शाळेचा पर्याय, हा समज त्या दोन शहरांनी तेव्हा तरी मान्य केला नव्हता.

एकोणीस वर्षांनी त्याच शिकागो शहरावर निराळी पाळी आली. १९३७ च्या उन्हाळ्याअखेर तेथे पोलिओने डोके वर काढले. या रोगावर तेव्हा लस नव्हती; साल्क यांची लस उपयोगात आली ती १९५५ साली. सुदृढ मूल ताप येऊन पडावे आणि पुन्हा आपल्या पायांवर उभे राहू नये, हे पाहिलेल्या आईबापांना दुसऱ्या कोणत्याही गोष्टीचे भय त्यापुढे थिटे वाटत असे. सप्टेंबरात उघडावयाच्या शाळा उघडल्या नाहीत. तेव्हा शहराचे शिक्षणाधिकारी विल्यम जॉन्सन यांनी नभोवाणीचा आश्रय घेण्याचे ठरविले. अमेरिकेत त्या वेळी दहांपैकी सुमारे आठ घरांत नभोवाणीचे यंत्र पोहोचले होते. शहरातील सहा नभोवाणी केंद्रांनी आपला वेळ विनामूल्य दिला, आणि १३ सप्टेंबर १९३७ रोजी, सोमवारी, तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,१५,००० मुलांसाठी हवेतून शाळा भरू लागली.

योजना मोठी नेटकी होती. एकेक धडा पंधरा मिनिटांचा असे. सोमवार, बुधवार व शुक्रवार या दिवशी समाजशास्त्र आणि विज्ञान. मंगळवार, गुरुवार व शनिवार या दिवशी इंग्रजी आणि गणित. कोणत्या इयत्तेने कोणत्या वेळी कोणते केंद्र लावावे, प्रश्न कोणते व घरचा अभ्यास कोणता, हे त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात सकाळीच छापून येई. शाळा उघडल्यावर या अभ्यासाची परीक्षा घेतली जाईल, असेही मुलांना बजावण्यात आले होते. साऱ्या देशात या प्रयोगाची वाखाणणी झाली.

परंतु पहिल्याच दिवशी या नेटक्या योजनेला एक खिंडार पडले, व ते फार बोधप्रद आहे. शंका विचारण्यासाठी मध्यवर्ती कचेरीत दूरध्वनीवर सोळा शिक्षक बसविले होते. त्या एका दिवसात हजाराहून अधिक लोकांनी दूरध्वनी केला, आणि आणखी पाच शिक्षक तेथे नेमावे लागले. विचारणारे होते पालक. दिवसा घरी कोण असे हे ध्यानात घेतले, तर त्यांतील बहुतेक आवाज कोणाचे असावेत याविषयी तर्क करण्यास फारसे श्रम पडत नाहीत. केंद्र नीट ऐकू येत नाही, धडा फार लवकर संपला, एक शब्द निसटला तो पुन्हा कसा मिळावा, अशा अडचणी या शाळेच्या पोटातच होत्या. वर्गातील शिक्षक मुलाचा चेहरा पाहून थांबतो. नभोवाणी थांबत नाही. पंधरा मिनिटांत जे निसटले ते गोळा करून मुलाच्या पदरी घालण्याचे काम शेजारी बसलेल्या माणसाचे होते, आणि त्या माणसाचा योजनेत कोठेही उल्लेख नव्हता.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ही शाळा तिसरीपासून वर होती. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी आणि त्यांहून धाकट्या बालवर्गासाठी तिच्यात काहीच नव्हते. हे विस्मरणाने झाले असे म्हणता येणार नाही; त्याला कारण होते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला वाचता येते, लिहिता येते. कानांनी ऐकून हाताने उत्तर लिहिणे त्याला जमते. सहा वर्षांच्या मुलाचे तसे नाही. अक्षर गिरविताना त्याचा हात धरावा लागतो. ते वाचू लागले म्हणजे त्याचे वाचन कोणीतरी ऐकावे लागते, चुकलेला उच्चार तेथल्या तेथे सुधारावा लागतो, आणि पाच मिनिटांनी त्याचे चित्त उडाले की चिंचोके मांडून बेरीज करावी लागते. हे हवेतून होत नाही. मूल जितके लहान तितके यंत्र दुबळे आणि शेजारचे माणूस मोलाचे, हा नियम शिकागोने न बोलता मान्य केला, आणि सर्वांत लहान मुले निमूटपणे त्यांच्या आयांच्या स्वाधीन केली. सुदैवाने तीनेक आठवड्यांतच साथ ओसरली व शाळा उघडल्या. त्यामुळे या प्रश्नाची खरी कसोटी लागण्याची वेळ आली नाही.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये, ही कसोटी अधिक चांगल्या तयारीने दिली गेली. त्या देशात दीपगृहांचे रक्षक, डोंगरातील मेंढपाळ अशा शाळेपासून फार दूर राहणाऱ्या कुटुंबांसाठी १९२२ साली सरकारने पत्रद्वारा शाळा काढली होती. आरंभी तिच्यात एकच शिक्षिका होती. १९३१ पासून या शाळेने टपालाच्या जोडीला नभोवाणीही घेतली. तेथील धडा घरी पोहोचल्यावर त्यावर देखरेख करणारी व्यक्ती बहुधा आईच असे, व शिक्षकांचा पत्रव्यवहार जितका मुलाशी तितकाच तिच्याशी चाले. १९४७ च्या अखेरीस पोलिओची साथ पसरली, आणि १९४८ च्या आरंभी उन्हाळ्याची सुटी संपल्यावरही देशातील शाळा कित्येक आठवडे उघडल्या नाहीत. तेव्हा ही पत्रद्वारा शाळा साऱ्या देशाच्या कामी आली. पंचवीस वर्षे रानावनांतील आयांशी बोलण्याचा जो सराव तिला झाला होता, तोच संकटकाळी शहरांतील घरांनाही उपयोगी पडला.

बाल्टिमोर, शिकागो आणि न्यूझीलंड या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती, व ती समान होती म्हणूनच तिचा कोणी उच्चार केला नाही. तेथील आईला वाचता येत होते. महाराष्ट्रात हीच गोष्ट घडवून आणण्यासाठी तितक्याच वर्षांत निराळ्या प्रकारचे कष्ट चालले होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली, म्हणजे प्लेगाच्याच वर्षी, अनाथ बालिकाश्रम काढला, व १९१६ साली महिला विद्यापीठाची स्थापना केली. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाच्या कार्यास आरंभ केला. तेथे लग्न झालेल्या, मुले झालेल्या बायकाही पाटी घेऊन वर्गात बसत. ‘आता म्हातारपणी शिकून काय करणार?’ असा प्रश्न त्यांना घरोघरी ऐकावा लागे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाची दीक्षा घेतली, आणि ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारा मराठी आईबापांशी मूल कसे शिकते याविषयी सरळ बोलण्यास सुरुवात केली. या साऱ्यांपैकी कोणाच्याही डोळ्यांसमोर साथीचा काळ नव्हता. परंतु साथीच्या काळी घरची शाळा जिच्या बळावर उभी राहावयाची, ती बाई यांनीच घडविली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण शेकडा ७५ हून अधिक झालेले दिसते. हजारी सातापासून शेकडा पंचाहत्तरीपर्यंतचे हे अंतर म्हणजेच घरच्या शाळेची खरी पूर्वतयारी होय.

या तयारीची परीक्षा २०२० साली झाली. मार्चच्या ११ तारखेस जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही जागतिक महासाथ असल्याचे घोषित केले. महाराष्ट्रातील शाळा त्याच महिन्याच्या मध्यास बंद होऊ लागल्या, व २५ मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी सुरू झाली. एप्रिलपर्यंत जगातील सुमारे दीडशे कोटी विद्यार्थी घरी बसले होते. प्लेगात एक प्रांत व पोलिओत एक शहर किंवा एक देश, असे आजवर घडले होते. एकाच वेळी सारे जग घरी बसण्याचा प्रसंग यापूर्वी कधी आला नव्हता. आणि शिकागोची शाळा तीन आठवड्यांत पुन्हा भरली, तर महाराष्ट्रात पहिली ते चौथीची मुले वर्गात परतावयास डिसेंबर २०२१ उजाडला. तेही फार दिवस टिकले नाही. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही काळ शाळा मिटल्या. मार्च २०२० मध्ये बालवाडीत असलेले मूल सुमारे एकवीस महिन्यांनी प्रथमच शाळेचा उंबरा ओलांडते, तेव्हा ते दुसरीत असते. पहिलीची सारी इयत्ता त्याने घरीच काढलेली असते.

साधने या वेळी रेलचेल होती. केंद्र सरकारने इयत्तावार दूरचित्रवाणी वाहिन्यांची योजना जाहीर केली. महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवरून २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा भागात, जेथे फोनची लहर पोहोचत नव्हती, तेथे पाड्यापाड्यांवर ध्वनिवर्धकातून धडे ऐकविण्यात आले. आणि सर्वत्र, विशेषतः शहरांत, व्हॉट्सॲपवरून अभ्यासाचे कागद येऊ लागले, व पडद्यावर शिक्षिका दिसू लागल्या.

ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाने सप्टेंबर २०२० मध्ये दूरध्वनीवरून घराघरांची चौकशी केली. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ साली शेकडा ३६ च्या आसपास होते, ते आता ६२ च्या आसपास गेलेले आढळले. कित्येक घरांनी पोटाला चिमटा काढूनच ही खरेदी केली असली पाहिजे. परंतु त्या अहवालातील दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून अभ्यासाचे काही ना काही साहित्य पोहोचले ते सुमारे एक तृतीयांश मुलांपर्यंत. आणि घरातील कोणाची ना कोणाची अभ्यासात मदत मिळत होती ती सुमारे तीन चतुर्थांश मुलांना. म्हणजे शाळेचे साहित्य ज्या घरी पोहोचले नाही, तेथेही पुष्कळ ठिकाणी कोणीतरी मुलाजवळ बसत होतेच. मूल जितके लहान तितकी ही मदत अधिक होती, आणि खालच्या इयत्तांत ती देणाऱ्यांत आईच पुढे होती. शिकागोच्या अनुभवातून निघालेला नियम येथेही खरा ठरला.

या मदतीचा वेळ आईने आणला कोठून? साथीच्या आदल्याच वर्षी, २०१९ साली, केंद्र सरकारने देशातील माणसांचा दिवस कसा खर्च होतो याची पाहणी केली होती. घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, आणि पुरुषांचा ९७ मिनिटे, असे तिच्यात आढळले. म्हणजे शाळा घरी येण्यापूर्वीच आईच्या दिवसातील पाच तास भरलेले होते. टाळेबंदीत तिन्ही त्रिकाळ माणसे घरी. मोलकरीण येणे बंद. पुष्कळ ठिकाणी तिचे स्वतःचे कचेरीचे कामही त्याच मेजावर आलेले. त्यात फोन एक आणि मुले दोन. थोरल्याचा वर्ग संपेपर्यंत धाकट्याला थोपवून धरणे. पडद्यावरच्या बाईंनी सांगितलेले पान शोधून देणे. ‘आवाज येत नाही’ म्हणून रडणाऱ्या मुलाची समजूत घालणे. लिहिलेल्या पानाचे छायाचित्र काढून वेळेवर पाठविणे. आणि वर्ग संपला की तोच धडा पहिल्यापासून पुन्हा शिकविणे, कारण पडद्यावरून त्यातला निम्माच मुलापर्यंत पोहोचलेला असे. हे सर्व काम शिक्षकाचेच होते. त्याला शिक्षण म्हणण्याची मात्र रीत नव्हती. त्याला ‘पालकांचे सहकार्य’ असे नाव होते.

ही सुशिक्षित, शहरी घरची गोष्ट झाली. जेथे आई धुण्याभांड्यांची कामे करी व ती कामे एका दिवसात सुटली, जेथे वीटभट्टीवरून किंवा बांधकामावरून सारे कुटुंब पायी गावाकडे निघाले, जेथे एकुलता फोन बापाबरोबर कामावर जाई, किंवा जेथे शेकडा पंचविसांतील ती निरक्षर आई होती, तेथे घरच्या शाळेचे काय झाले? याचे उत्तर पुढे आकड्यांनीच दिले. तिसरीतील मुलांपैकी दुसरीचा उतारा नीट वाचू शकणाऱ्यांचे ग्रामीण भारतातील प्रमाण २०१८ साली शेकडा २७.३ होते, २०२२ साली ते २०.५ वर आले. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, सुमारे एकवीस महिने दारे मिटलेली असूनही जी मुले अक्षराला धरून राहिली, त्यांचे वाचन कोणीतरी रोज ऐकत होते. प्लेगाच्या काळी सारीच मुले एका पंक्तीला बसली होती, कारण जवळजवळ कोणाच्याच आईला अक्षर ठाऊक नव्हते. या वेळी पंक्ती दोन झाल्या. एकीतील मुलांच्या वाट्याला शिकलेली, सवड काढू शकणारी आई आली; दुसरीतील मुलांच्या वाट्याला तितकीच मायाळू, परंतु अक्षर व अवसर या दोहोंनाही पारखी आई आली. मायेत उणेपणा नव्हता. उणेपणा होता तो तिच्या हाती काय दिले गेले यात.

साथ सरल्यानंतर महाराष्ट्रात जो एक उपक्रम झाला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. २०२२ साली राज्य सरकारने ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे अभियान ‘प्रथम’ संस्थेच्या सहकार्याने गावोगाव चालविले. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट बांधले गेले. मुलांबरोबर घरी काय करावे हे सांगणाऱ्या साध्या कृतींचे कागद त्यांना देण्यात आले. कडधान्ये निवडताना वर्गीकरण, भांडी मांडताना लहानमोठेपणा, बाजारातील पिशवीतून मोजणी, असे घरातीलच व्यवहार शिकण्याचे साधन होऊ शकतात. येथे धडा मुलाला उद्देशून नव्हता; तो आईला उद्देशून होता, आणि तिला वाचता येत नसले तरी शेजारीण वाचून दाखवील अशी सोय गटाच्या रचनेतच होती. बाल्टिमोरच्या एका खाजगी शाळेने दाम देणाऱ्या घरांसाठी १९०५ साली जे केले, तेच शंभराहून अधिक वर्षांनी सरकारी शाळांच्या दारी, विनामूल्य, अंगणात बसलेल्या बायकांसाठी झाले. खंत एवढीच, की साथ संपल्यावर हे सुचले. साथीच्या पहिल्या महिन्यात सुचते तर कित्येक मुलांचे वाचन वाचले असते.

पुढील साथ केव्हा येईल व कोणत्या रोगाची असेल हे आज कोणी सांगू शकत नाही. परंतु ती आली म्हणजे शाळा पुन्हा बंद होतील यात फारसा संशय नाही. त्या वेळी यंत्रे आजच्याहून कितीतरी चतुर असतील, आणि त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाईल. इतिहासाने शिकविलेली गोष्ट मात्र साधी आहे. सहा वर्षांच्या मुलाची शाळा म्हणजे त्याच्या हाताशी बसलेले माणूस. ते माणूस घरी जर आईच असणार असेल, तर शाळेची तयारी म्हणजे तिची तयारी. तिच्यासाठी लिहिलेला धडा हवा, तिच्या शंकेला उत्तर देणारा आवाज हवा, घरातील इतरांनी तिच्या हातातील निम्मे काम उचलावयास हवे, आणि पोटासाठी जिला बाहेर पडावे लागते तिच्या मुलाजवळ बसणारे दुसरे कोणी गावाने नेमावयास हवे. शाळा बंद करण्याच्या हुकुमात आजवर जे एक नाव लिहावयाचे राहून गेले, ते पुढच्या वेळी पहिल्या ओळीत लिहिले गेले पाहिजे.